गुणपत्रिका आणि गाडीची किल्ली

मे महिना आला की दहावी-बारावीचे विद्यार्थी असलेल्या घरांत निकालाबरोबर आणखी एका गोष्टीची वाट पाहिली जाते. वर्षाच्या आरंभी, गणपतीत किंवा दिवाळीत, सगळे एकत्र जेवायला बसले असताना कोणीतरी म्हटलेले असते, "८५ टक्क्यांच्या वर गेलास, तर गाडी तुझी." हे वाक्य उच्चारणारे पुष्कळदा आजोबा किंवा आजी असतात. निवृत्तीची पुंजी बँकेत असते, नातवंडांवर जीव असतो, आणि आपल्या लहानपणी सायकलीसाठीही घरात वर्षानुवर्षे विनवण्या कराव्या लागल्याची आठवण अजून पुसलेली नसते. मुलाच्या आईवडिलांना ही कल्पना पसंत असो वा नसो, वडीलधाऱ्यांनी दिलेला शब्द खाली पाडायला ते सहसा धजत नाहीत.

शब्द देणाऱ्याच्या मनात मायेखेरीज काही नसते. तरीही या शब्दाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. मुलाने अभ्यास किती केला हा एक प्रश्न आणि त्याच्या हाती वाहन द्यावे की नाही हा दुसरा; एका वाक्यात आपण या दोहोंची गाठ मारून टाकतो. ती गाठ कितपत योग्य आहे, आणि ती सुटली तर कोणाच्या अंगावर काय येते, याचा विचार ज्येष्ठांनी विशेषेकरून करायला हवा. कारण पैसे त्यांचे असतात, आणि बऱ्याचदा गाडीच्या कागदांवर नावही त्यांचेच असते.

पनवेल तालुक्यातील विचुंबे गावाचे उदाहरण घेऊ. गाढी नदीच्या परिसरातील हे मूळचे शेतीचे गाव. आज ते सिडकोच्या 'नैना' क्षेत्रात मोडते आणि जुन्या घरांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुलांची महाविद्यालये आणि क्लास मात्र नवीन पनवेल, खांदा कॉलनी किंवा पनवेल शहरात. अंतर फार नाही, पण ते रोज दोनदा, कधी चारदा कापायचे असते. रिक्षा भरेपर्यंत थांबावे लागते, पावसाळ्यात ती मिळेलच असे नाही, आणि रात्री साडेनऊला क्लास सुटल्यावर मुलीने एकटीने कसे यावे हा प्रश्न प्रत्येक आईला पडतो. अशा ठिकाणी स्कूटर ही चैनीची वस्तू राहत नाही. म्हणूनच "मुलांना गाड्या देऊच नका" असा शहरी उपदेश इथे फारसा उपयोगाचा नाही.

पण गरज खरी असेल, तर गुणांची अट आणखीच विचित्र ठरते. ज्या मुलीला क्लासला जाण्यासाठी वाहन हवे आहे, तिला गुण कमी पडले म्हणून ते नाकारायचे. मग क्लास बुडतो आणि गुण आणखी घसरतात. उलट, ज्याचे महाविद्यालय घरापासून दहा मिनिटांवर आहे त्याने ९० टक्के मिळवले म्हणून त्याच्या दारात गाडी उभी करायची. गरज एकाला आणि वाहन दुसऱ्याला, असा हा न्याय होतो.

परदेशातली गाठ

शाळा आणि वाहन यांची सांगड घालण्याची कल्पना आपल्याकडे घरगुती स्वरूपात आहे. अमेरिकेत तिचा कायदा झाला. वेस्ट व्हर्जिनिया या राज्याने १९८८ साली असा नियम केला की शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या किशोरवयीन मुलांना वाहनचालक परवाना मिळणार नाही, आणि मिळाला असेल तर तो रद्द होईल. पुढे इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. त्या देशात बहुतेक ठिकाणी सोळाव्या वर्षाच्या आसपास परवाना मिळतो आणि गाडीशिवाय कोठे जाणे कठीण असते. त्यामुळे परवाना हे मुलांना शाळेत टिकवून ठेवणारे आमिष ठरेल, असा तर्क होता. विरोध करणाऱ्यांनी प्रश्न विचारला तो असा: शाळा सुटलेल्या खेड्यातील मुलाचा परवानाही काढून घेतला, तर तो कामावर कसा जाणार?

अमेरिकेतील विमा कंपन्यांचीही एक जुनी पद्धत आहे. चांगली श्रेणी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या मोटारविम्याच्या हप्त्यात सूट मिळते. विमा कंपन्या प्रेमापोटी सूट देत नसतात. अभ्यासात नियमित असणारी मुले सरासरीने अपघातही कमी करतात, असा हिशेब त्यामागे असतो. म्हणजे गुण आणि वाहन यांचा काहीच संबंध नाही असेही म्हणता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

फरक पुढे आहे. तिथे मूल आधी परवान्याच्या वयाचे होते, शिकते, परीक्षा देते, आणि मग त्या परवान्याला शाळेची अट जोडली जाते. आपल्याकडे परवान्याचे वय होण्याआधीच वाहन दारात येते आणि गुणपत्रिका जणू परवान्याचे काम करू लागते. "एवढे चांगले मार्क आहेत, समंजस आहे, सांभाळून चालवेल," हे समर्थन आपण किती सहजपणे करतो! दहावीचा निकाल लागतो तेव्हा मूल १५-१६ वर्षांचे असते, बारावीच्या वेळी बहुधा १७ वर्षांचे. दोन्ही वेळा कायद्याच्या दृष्टीने ते अल्पवयीनच.

हुशार मुलाचा मेंदूही सतरा वर्षांचाच

गुणपत्रिका काय मोजते? स्मरण, आकलन, चिकाटी, तीन तास एका जागी बसून लिहिण्याची तयारी. रस्त्यावर लागते ते वेगळेच. समोरून येणाऱ्या डंपरचा वेग ओळखणे, वळणावर खडी असेल याचा अंदाज घेणे, मागे बसलेला मित्र "अरे, मार ना कट!" म्हणत असताना न मारणे. मोह आवरणे, परिणामांचा आगाऊ विचार करणे ही कामे मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि तो भाग पूर्ण परिपक्व व्हायला साधारण पंचविशी उजाडते. उत्तेजना आणि शाबासकी यांना दाद देणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोमात असते. हुशारीने ही तफावत भरून निघत नाही.

अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाच्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. त्यांनी १३ ते १६ वर्षांची मुले, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांवरील प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालविण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचे की पुढे रेटायचे, असा त्यातला पेच होता. एकटे असताना तिन्ही गट जवळपास सारखेच वागले. मित्र शेजारी उभे केल्यावर मात्र किशोरवयीनांनी पत्करलेला धोका सुमारे दुप्पट झाला. प्रौढांत विशेष फरक पडला नाही. आजोबांच्या देखरेखीखाली सोसायटीच्या आवारात सुरेख गाडी चालविणारा नातू नाक्यावर तीन मित्र भेटल्यावर तसाच राहील, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे. आजोबांनी जे पाहिले ते खरेच असते. मित्रांसमवेतचा नातू त्यांनी पाहिलेला नसतो.

झोपेचाही मुद्दा आहे, आणि अभ्यासू मुलांच्या बाबतीत तो अधिकच लागू पडतो. या वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. बारावीच्या वर्षात रात्री एकपर्यंत वाचन आणि सकाळी साडेसहाचा क्लास असा क्रम असेल, तर ती निम्म्यावर येते. झोप अपुरी असलेल्या चालकाची प्रतिक्रिया मंदावते आणि क्षणभर डोळा लागल्याचे त्याचे त्यालाही कळत नाही. ज्या कष्टांमुळे ८५ टक्के मिळतात, त्याच कष्टांनी थकलेला मुलगा सकाळी डोळे चोळत स्कूटर काढतो.

कायद्यात 'मालक' हा शब्द आहे

मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटारवाहन चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. एक अपवाद आहे: ५० सीसीपेक्षा अधिक क्षमतेचे इंजिन नसलेली दुचाकी १६ व्या वर्षी चालविता येते, त्यासाठीही परवाना लागतो आणि अर्जावर पालकाची लेखी संमती लागते. आपल्या पिढीला हा अपवाद लगेच उमगेल. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली आणलेली ५० सीसीची लुना आठवा. आजच्या स्कूटर बहुधा ११० ते १२५ सीसीच्या असतात, म्हणजे या अपवादाच्या खूपच बाहेर. विजेवर चालणाऱ्या, २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या लहान गाड्यांना परवाना लागत नाही हे खरे. पण तिची वेगमर्यादा काढून टाकली की तीही इतर मोटारवाहनांच्याच रांगेत जाते.

२०१९ साली या अधिनियमात कलम १९९ अ घालण्यात आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ते अमलात आले. अल्पवयीनाने या कायद्याखालील गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. (मेंदूच्या परिपक्वतेचे वय आणि कायद्यातले हे २५ जुळले आहे, तो योगायोग असावा.)

येथे 'किंवा' या शब्दाकडे लक्ष द्यावे. गाडी आजोबांच्या नावावर असेल, तर कायद्याच्या भाषेत मालक आजोबा. मुलाने त्यांच्या संमतीनेच वाहन वापरले, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीतच नव्हते किंवा हे घडू नये म्हणून आपण सर्व ती काळजी घेतली होती, हे मालकाने सिद्ध करायचे असते. किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर रोज लटकत असेल, तर ते सिद्ध करणे अवघड. सत्तरीतल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात, ही कल्पनाच नकोशी वाटते. पण कायद्याने वयोवृद्ध मालकासाठी वेगळा दरवाजा ठेवलेला नाही.

विम्याचे गणित त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. चालकाकडे परवाना नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई कंपनी नाकारू शकते. अपघातात तिसऱ्याच कोणाला इजा झाली किंवा मृत्यू आला, तर ती भरपाई मोठी असते. परवाना नसलेल्याच्या हाती मालकाने गाडी दिली असेल, तर पीडिताला आधी विमा कंपनीने पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालापासून रूढ आहे. मालक निवृत्त असेल तर ही वसुली कशातून होणार? मुदतठेवीतून, नाहीतर राहत्या घरातून.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात घडलेली घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. १७ वर्षांच्या मुलाने चालविलेल्या पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि तिच्यावरील दोन तरुण संगणक अभियंते प्राण गमावून बसले. तो मुलगा मित्रांसह बारावीचा निकाल साजरा करून परतत होता, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना रस्ते-अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि त्यावर देशभर संताप उसळला. निबंधाची चर्चा इतकी झाली की एक गोष्ट मागे पडली: त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांना आणि आजोबांनाही अटक झाली. वडिलांवरील आरोपांत अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार दिल्याचा आरोप होता. आजोबांवरील आरोप अपघातानंतर घरच्या चालकावर दबाव आणल्याचा होता. त्या आरोपांचे खरेखोटे न्यायालय ठरवील. आपल्यापुरते एवढे पाहावे की एका रात्रीत एका घरातील तीन पिढ्या त्यात ओढल्या गेल्या, आणि दुसऱ्या दोन घरांत म्हाताऱ्या होत चाललेल्या आईवडिलांच्या हाती मुलांचे मृतदेह आले.

ती श्रीमंतांची गोष्ट, असे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील १५,२२४ महाराष्ट्रातील. मृतांत दुचाकीवरील माणसे ४४ टक्क्यांहून अधिक होती. १८ वर्षांखालील मृतांची संख्या ९,५२८. त्याच वर्षी ३२,८२५ पादचारी मेले. सकाळी फिरायला निघालेले, दूध आणायला गेलेले, देवळातून परतणारे आपल्या वयाचे लोकही याच शेवटच्या आकड्यात मोजलेले असतात. बेफाम स्कूटर चालविणारा मुलगा कोणाचा तरी नातू असतो, आणि त्याच्यासमोर रस्ता ओलांडणारे गृहस्थ कोणाचे तरी आजोबा.

जे वाचतात त्यांच्याविषयी

मृत्यूंचे आकडे छापून येतात; जे वाचतात आणि घरी येतात, त्यांची गोष्ट मात्र घरातच राहते. शुश्रूषा करणाऱ्यांच्या या पाक्षिकात तिच्याविषयी लिहिलेच पाहिजे.

दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागलेला मुलगा अतिदक्षता विभागातून बाहेर येतो तेव्हा नातेवाईक पेढे वाटतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. हाडे जुळून येतात. मेंदूचे तसे होत नाही. पुढच्या भागाला इजा झाली असेल, तर पूर्वीचा शांत मुलगा क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो, नको ते बोलतो, आणि थोड्या वेळाने त्याला ते आठवतही नाही. वाचलेले लक्षात राहत नाही. शब्द जिभेवर येत नाहीत. काहींना फिट येऊ लागतात आणि वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. झोपेचे चक्र उलटते. बाहेरून पाहणाऱ्याला मुलगा धडधाकट दिसतो, त्यामुळे सहानुभूतीही लवकर आटते.

त्याच्याजवळ दिवसभर कोण बसते? कर्ज फेडण्यासाठी आईवडिलांना नोकरी सोडता येत नाही. म्हणून गुडघे दुखत असलेली आजी त्याला कुशीवर वळवते, आजोबा फिजिओथेरपीला घेऊन जातात, वाचाउपचारातील शब्द पुन्हा पुन्हा म्हणून घेतात. उतारवयात ज्याने आपला हात धरायचा, त्याचा हात आपण धरून चालवायचा. अशा घरांतील ज्येष्ठांनी स्वतःच्या तपासण्या आणि औषधे टाळू नयेत, आठवड्यातून निदान एक दुपार दुसऱ्या नातेवाईकाकडे काम सोपवावे, हे आम्ही यापूर्वी अन्य आजारांच्या संदर्भातही सांगितले आहे. येथे ते अधिकच आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण ही शुश्रूषा महिन्यांची नव्हे, वर्षांची असते.

नीट बांधलेल्या हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. 'नीट बांधलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट आधी उडते आणि मग डोके आपटते. आयएसआय चिन्ह नसलेले, रस्त्याच्या कडेला दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारे हेल्मेट दंड चुकविण्यासाठी असते, डोक्यासाठी नव्हे.

मग कशाला जोडावे?

बक्षिसाचाही एक दुर्गुण आहे, आणि तो अभ्यासाच्या बाजूने पाहिला की दिसतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला होता. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे ज्यांना आधी सांगितले, ती मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. आवडीचे काम मोबदल्याचे झाले की त्याची गोडी उतरते. बालवाडीतील खडूंवरून बारावीच्या रसायनशास्त्राविषयी ठाम विधान करणे योग्य नाही. पण ८५ च्या अटीवर ८३ टक्के मिळविणाऱ्या मुलाच्या घरात निकालाच्या संध्याकाळी काय वातावरण असते, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ८३ टक्के हे यश असते. त्या घरात ते हुकलेल्या स्कूटरीचे दुःख होऊन बसते.

माझे मत असे की गुणांना बक्षीस द्यायचेच असेल, तर ते वाहनाव्यतिरिक्त काहीही असावे: सहल, पुस्तके, चांगली सायकल, एखाद्या वाद्याची शिकवणी. आणि वाहन द्यायचेच असेल, तर ते १८ वर्षे पूर्ण झाल्यावर, गरज पाहून आणि परवाना आल्यावर द्यावे. गुणपत्रिकेचा त्या निर्णयाशी संबंध ठेवू नये. शाळा-महाविद्यालयाशी नाते ठेवायचे तर ते नियमितपणाशी ठेवावे. वेळेवर उठणे, तास न चुकविणे, रात्री पुरेसे झोपणे, सांगितलेल्या वेळेला घरी येणे या सवयींवरून गाडी सांभाळण्याच्या योग्यतेचा अंदाज गुणांपेक्षा अधिक येतो.

परवाना मिळाला म्हणजे सगळे रस्ते एकदम खुले, असेही नको. न्यूझीलंडने १९८७ पासून तरुण चालकांना टप्प्याटप्प्याने मोकळीक देणारी पद्धत सुरू केली. आधी शिकाऊ परवाना. मग रात्री उशिरा गाडी चालविण्यावर आणि सोबत प्रवासी नेण्यावर बंधने असलेला परवाना. आणि शेवटी पूर्ण परवाना. पुढे अनेक देशांनी ती स्वीकारली आणि तरुण चालकांचे अपघात तिच्यामुळे घटल्याचे दिसले. आपल्या कायद्यात एवढे टप्पे नाहीत, तरी शिकाऊ परवाना असलेल्याने गाडीवर 'एल' लावावे आणि शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणाला मागे बसवू नये, एवढे नियमांत आहेच. उरलेले टप्पे घरात करता येतात. विचुंब्यातील घराने म्हणावे: पहिले तीन महिने कॉलेज आणि क्लास एवढाच रस्ता. सहा महिने मागे मित्र नाही. रात्री नऊनंतर गाडी नाही, आणण्याची जबाबदारी आमची. महामार्गावर वर्षभर नाही. मोबाइल डिक्कीत. एक अट मोडली, तर महिनाभर किल्ली परत. या अटी मुलासमोर बसून ठरवाव्यात आणि वहीत लिहून ठेवाव्यात. वडील एक सांगतात आणि आजी गुपचूप दुसरे करू देते, असे झाले की सारे फुकट जाते.

मूल वाद घालणारच. "आजोबा, माझ्या वर्गातले सगळे चालवतात. पकडलं तर पाचशे रुपये देऊन सोडतात." त्यावर रागावण्यापेक्षा शांतपणे सांगावे, "अरे, पोलिसाच्या पाचशे रुपयांची भीती मला नाही. गाडी माझ्या नावावर आहे, आणि उद्या कोणाला लागलं तर त्या घरी मला जावं लागेल. तुला अठरा पूर्ण होईपर्यंत मी तुला सोडायला येतो, नाहीतर रिक्षाचे पैसे देतो." रिक्षाचे पैसे हा भाग विसरू नये. वाहन नाकारताना जाण्यायेण्याची सोय केली नाही, तर तो नकार फार दिवस टिकत नाही. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो आणि इतर विद्यार्थ्यांनाही सवलतीचा पास असतो. तो आपल्या मार्गावर उपयोगी पडतो का ते जवळच्या आगारात विचारावे. क्लासच्या वेळेला एकाच इमारतीतील चार मुलांनी मिळून एक रिक्षा महिन्यावर ठरविली, तर स्कूटरच्या हप्त्यापेक्षा ती स्वस्त पडू शकते.

ज्यांनी शब्द आधीच देऊन ठेवला आहे, त्यांचे काय? शब्द मोडू नये. त्याची तारीख बदलावी. "गाडी देणार, पण तुझा परवाना आल्याच्या दिवशी," असे निकालाच्या आधीच सांगावे, म्हणजे निकालाच्या दिवशी फसवणूक झाल्याची भावना राहत नाही. पैसे त्याच्या नावाने वेगळ्या ठेवीत टाकून पावती त्याच्या हाती द्यावी. १८ व्या वाढदिवसानंतर शिकाऊ परवान्याचा अर्ज त्याच्याकडूनच भरून घ्यावा आणि पनवेलच्या परिवहन कार्यालयात पक्क्या परवान्याच्या चाचणीला त्याच्यासोबत जावे. गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा नोंदणी कोणाच्या नावावर करायची, हे दुकानात गडबडीत न ठरविता घरी ठरवावे. सज्ञान, परवानाधारक चालकाच्या स्वतःच्या नावावर ती असणे आजी-आजोबांच्या दृष्टीने सर्वांत बरे.

आणि गाडी आधीच दारात उभी असेल, मूल अजून सतरा वर्षांचे असेल, तर दोन्ही किल्ल्या आजच कपाटात कुलपाखाली ठेवाव्यात. दुसरी किल्ली बहुधा मुलाच्या दप्तरात सापडते.